उरलेले दोन टक्के कोणाच्या अंगावर?

सध्या नाशिकच्या अंबड नाहीतर सातपूर एमआयडीसीतल्या कुठल्याही बऱ्यापैकी कंपनीच्या रिसेप्शनला जा, एक तरी पोरगा लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन बसलेला दिसणार आणि तो एआय विकायला आलेला असणार. कोणी तपासणीचा कॅमेरा विकतो, कोणी चेहऱ्याने हजेरी घेणारं मशीन, कोणी बायोडेटा चाळून देणारं सॉफ्टवेअर, कोणी व्हॉट्सअॅपवर कस्टमरला उत्तरं देणारा बॉट. पोरं हुशार असतात, इथल्याच कॉलेजातली असतात, बोलतातही छान. चहा येईपर्यंत पहिली स्लाइड लागलेली असते आणि त्यावर मोठ्या अक्षरात, अॅक्युरसी ९८ टक्के. कोणाची ९९ पण असते. मी क्वालिटीत काम करतो त्यामुळे माझं डोकं लगेच उलटं चालायला लागतं, की बरं, ९८ झाले, उरलेल्या दोनाचं काय? आणि ते दोन कोणाच्या अंगावर पडणार?

एआय आणि नीतिमत्ता असा विषय निघाला की आपल्याकडे गाडी लगेच रोबो जग ताब्यात घेणार का, माणसं बेकार होणार का, इकडे वळते. वळू दे, त्या गप्पा पण मजेशीर असतात. पण मला विचाराल तर खरा प्रश्न त्या दोन टक्क्यांत बसलाय. आता तो इतका कंटाळवाणा आहे की त्यावर कोणी भाषण करत नाही ही गोष्ट वेगळी.

आधी पार्टचं सांगतो, मग माणसांचं.

आमच्याकडे गाडीत बसणारं अॅल्युमिनियमचं हाउसिंग होतं. मशीनिंग झालं की तपासायचं, ब्लो होल म्हणजे धातूत हवेने पडलेलं भोक आहे का, बर म्हणजे कडेला धारदार कीस राहिलाय का, सीलिंग फेसवर, म्हणजे गळती अडवणाऱ्या सपाट बाजूवर, डेंट नाहीतर स्क्रॅच आहे का. वर्षानुवर्षं हे काम डोळ्यांनी व्हायचं, टेबलावर पांढरी ट्यूब, समोर बायका बसलेल्या, पार्ट हातात फिरवायचा आणि ओके किंवा रिजेक्ट. आता तिथे कॅमेरा बसलाय. कॅमेरा प्रत्येक पार्टला एक मार्क देतो, हा खराब असण्याची शक्यता किती, आणि स्क्रीनवर एक पट्टी आहे जी माउसने डावी-उजवीकडे सरकते, ती ठरवते की किती मार्कांच्या वर गेला की रिजेक्ट म्हणायचं. थ्रेशोल्ड म्हणतात त्याला. एआयमधली निम्मी नीतिमत्ता त्या एका पट्टीत आहे असं माझं मत होत चाललंय.

कारण पट्टी कडक केली की खराब पार्ट सुटत नाही पण चांगले पण रिजेक्टच्या बिनमध्ये जाऊन पडतात, ते नुकसान आमचं. ढिली केली की चांगले वाचतात पण एखादा खराब कस्टमरकडे जातो, तिथे त्यांच्या लाइनवर नाहीतर अजून वाईट म्हणजे रस्त्यावर गळती लागते, ते नुकसान त्यांचं. दोन्ही चुका एकदम शून्य होतील अशी जागा आमच्या पट्टीवर तरी सापडलेली नाही, एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. मॉडेल, म्हणजे कॅमेऱ्यामागचं शिकलेलं सॉफ्टवेअर, चांगलं असलं तर हा त्रास कमी होतो, जात नाही. म्हणजे मशीन किती हुशार हा एक प्रश्न झाला, पण दोघांतली कोणती चूक आपण चालवून घ्यायची हे मशीन ठरवत नाही, माणूस ठरवतो, आणि माणूस बहुतेक वेळा आपल्याला काय परवडतं ते बघून ठरवतो. महिनाअखेर असते, डिस्पॅच अडकलेला असतो, प्रॉडक्शनवाले जवळ येऊन हळूच म्हणतात, "सर, जरा ढील द्या ना." ज्याने शॉपफ्लोअरवर दिवस काढलेत त्याला हे वाक्य पाठ असेल.

पण आमच्या धंद्यात या ढिलाईला लगाम आहे. कस्टमर पीपीएम मोजतो, म्हणजे दहा लाखात किती खराब आले. एक जरी गेला तर एट-डी रिपोर्ट भरा, का झाला, का सापडला नाही, परत होऊ नये म्हणून काय केलं. वर त्यांच्या गोडाउनला आपली माणसं पाठवा आणि आपल्या खर्चाने सगळा माल परत तपासा. आणि या सगळ्याच्या आधी रेड रॅबिट. बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो, रेड रॅबिट म्हणजे मुद्दाम जपून ठेवलेला खराब पार्ट. कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बाजूला त्याला लाल रंग मारलेला असतो म्हणजे चुकून चांगल्या मालात मिसळत नाही, आणि तो कुलपात असतो. शिफ्ट सुरू झाली की सगळ्यात आधी तो मशीनमधून काढायचा. मशीनने पकडला तर रजिस्टरला सही आणि लाइन चालू. नाही पकडला तर लाइन बंद, आणि मागच्या शिफ्टचा माल पण होल्डवर. बरोबर एक चांगला पार्ट पण असतो, त्याला मशीनने ओकेच म्हटलं पाहिजे. मशीन जर्मनीचं असो का चाकणचं, रोज पहिल्या पाळीला त्याची परीक्षा होते, कालची अॅक्युरसी आज चालत नाही.

एवढं सगळं एका अॅल्युमिनियमच्या तुकड्यासाठी.

आता माणसांकडे या. सिन्नरकडच्या एका कंपनीत माझा मित्र आहे, मेंटेनन्सला. तिथे कार्ड पंचिंग काढून चेहऱ्याने हजेरी आली, कारण एक जण दुसऱ्याचं कार्ड मारायचा. ही चोरी होत होती हे खरं आहे, उगाच मालकाला व्हिलन करण्यात अर्थ नाही. मशीन गेटवर, सिक्युरिटीच्या केबिनला लागून. आणि फेटलिंगला, म्हणजे कास्टिंगची घासघीस करायला, ठेकेदाराची पोरं आहेत, बरीचशी पेठ-सुरगाण्याकडची. शिफ्ट सुटली की बाहेर येताना तोंडावर काळी धूळ, डोक्याला फडकं, डिसेंबरात माकडटोपी, त्यात गेटवरचा दिवा पिवळा. मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा. मागे रांग लागलेली, ठेकेदाराची गाडी हॉर्न मारते, पोरगा एक-दोनदा तोंड दाखवतो आणि पळतो, कारण ती गाडी चुकली तर घरी जायचं कसं. आउट पंच नाही म्हणजे सिस्टिममध्ये अर्धा दिवस.

पगाराच्या वेळी मग हे असं चालतं, मित्राने समोर उभं राहून ऐकलेलं आहे.

"साहेब, मी पूर्ण होतो त्या दिवशी. सुपरवायझर साहेबांना विचारा."

"अरे मला मान्य आहे रे, पण सिस्टिममध्ये दिसत नाही ना."

"मग आता काय करू?"

"ठेकेदाराशी बोल."

ठेकेदार म्हणतो, कंपनीने जेवढ्या हजेऱ्या पास केल्या तेवढ्याचंच बिल मला मिळालं, मी माझ्या खिशातून देऊ का? म्हणजे बघा, प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर बोलतोय, कोणीही खोटं बोलत नाहीये, आणि पोराची अर्ध्या दिवसाची मजुरी गेली ती गेलीच. पुढची गंमत ऐका. महिन्याच्या मीटिंगला स्लाइड लागली की नव्या मशीनमुळे हजेरीचा आणि ओव्हरटाइमचा खर्च खाली आला. त्यातला किती भाग चोरी थांबल्यामुळे आणि किती या पोरांचे अर्धे दिवस कापल्यामुळे, हे वेगळं काढायचं कोणाला सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी ते काढण्यात कोणाचा फायदा होता?

माझं म्हणणं इथे आहे. आमच्या कॅमेऱ्याने चूक केली तर कंपनीचे पैसे जातात, म्हणून रेड रॅबिट आहे, रजिस्टर आहे, सही आहे. गेटवरच्या मशीनने चूक केली तर कंपनीचे पैसे वाचतात. मग ते दुरुस्त करायला कोण मरायला जाणार? मालक चांगला आहे का वाईट हा मुद्दाच नाही. चांगल्या मालकाला पण महिनाअखेर असतेच.

आणि चेहऱ्याचं तर माहीत असलेलं दुखणं आहे. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोघींनी मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं तपासली होती, हजेरीची नव्हेत, फोटो बघून हा पुरुष का बाई एवढंच सांगणारी. गोऱ्या पुरुषांच्या फोटोत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, आणि काळ्या-सावळ्या बायकांच्या फोटोत एका सॉफ्टवेअरची चूक ३४.७ टक्के. सगळ्यांचा मिळून एकच आकडा काढला असता तर तो झकास दिसला असता, स्लाइडवर टाकण्यासारखा. त्या दोघींनी दुसरं काय केलं, रेड रॅबिटच केलं, फक्त वेगवेगळ्या लोकांचा वेगवेगळा डबा करून.

सरकारांचंही तेच. नेदरलँड्सचं उदाहरण मला फार लागतं कारण तो काही ढिसाळ देश नाही. तिथे पाळणाघराच्या खर्चासाठी आई-बापांना सरकारी मदत मिळते आणि त्यात कोण फसवतंय हे शोधायला तिथल्या टॅक्स खात्याने अर्जांना धोक्याचे मार्क देणारी सिस्टिम लावली होती. त्यात डच नागरिकत्व आहे का नाही हाही एक मुद्दा धरलेला होता. नाव लागलं की चौकशी, मदत बंद, आणि एखाद्या कागदावर सही राहिली एवढ्यावरून सुद्धा सगळी जुनी मदत परत भरा, कोणाकोणाला तर लाखो रुपयांच्या घरातली रक्कम. हजारो कुटुंबं कर्जात गेली, संसार मोडले. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधान मार्क रुटे यांच्या अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. आपल्याकडे म्हणतात ना चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं झालं. पण बघायचं हे की त्या सगळ्या वर्षांत त्या खात्याच्या हिशोबात प्रत्येक वसुली ही वसुलीच दिसत असणार, म्हणजे कामगिरी. सिन्नरच्या स्लाइडसारखीच.

एवढं लांब पण जायला नको. शेजारच्या तेलंगणात समग्र वेदिका नावाची सिस्टिम आहे, ती वेगवेगळ्या सरकारी खात्यांचा डेटा नावावरून, पत्त्यावरून जोडते आणि सांगते की या माणसाकडे गाडी आहे, याला रेशनकार्ड कशाला. २०१४ ते २०१९ मध्ये तिथे १८ लाखांहून जास्त रेशनकार्डं रद्द झाली, आधी नोटीस न देता. त्यात एका सायकलरिक्षा चालवणाऱ्याच्या कुटुंबाचं कार्ड गेलं, कारण त्याच्या नावाशी जुळणारं नाव असलेल्या दुसऱ्या कोणाकडे चारचाकी होती. शेवटी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रद्द केलेली कार्डं प्रत्यक्ष जाऊन परत तपासा. आता आपल्या जिल्ह्यात किती सुरेश पवार आहेत विचार करा. निफाड तालुक्यातच गाडी भरेल. त्यातल्या एकाने ट्रॅक्टर घेतला म्हणून दुसऱ्याचं धान्य बंद व्हायला कॉम्प्युटरला एक सेकंद लागतो, आणि ते चालू करून घ्यायला त्या दुसऱ्याला किती चकरा, किती झेरॉक्स, किती बुडालेले रोज, हे तहसीलला एकदा जाऊन आलेल्या कोणालाही विचारा.

यात एक गोष्ट आवडलेली सांगतो, कारण नुसती रडगाणी वाचायला मलाही आवडत नाहीत. सिबिल स्कोअर, म्हणजे आपण कर्ज कसं फेडतो त्याचे मार्क, तर माहीतच आहे, दुसऱ्याचं कर्ज आपल्या नावावर दिसतं, स्कोअर पडतो, होमलोन अडकतं, आणि बँक म्हणते सिबिलला विचारा, सिबिलवाले म्हणतात बँकेला विचारा. यावर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम काढला की तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तक्रारदाराला द्यायचे. उशीर बँकेकडून झाला तर बँकेने, सिबिलसारख्या कंपनीकडून झाला तर त्यांनी. शंभर रुपये म्हणजे काही मोठी रक्कम नाही. पण पैसे कुठल्या खिशातून कुठल्या खिशात जातात ती दिशा बघा. चूक ज्याच्या घरी झाली त्याचं मीटर चालू, आणि पैसे ज्याला त्रास झाला त्याला. मला नीतिशास्त्रावरच्या शंभर पानांपेक्षा हा एक नियम जास्त नैतिक वाटतो. (वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, काढून बघत जा, हे आपलं जाता जाता.)

याच्या उलट आपला डेटा संरक्षण कायदा, २०२३ चा. दंड २५० कोटींपर्यंत, पेपरात हेडलाइन झकास झाली. पण तो दंड सरकारच्या तिजोरीत जमा होतो. ज्याचा डेटा गेला, ज्याचं नुकसान झालं, त्याला या कायद्यात भरपाई नाही, उलट जुन्या आयटी कायद्यात भरपाईचं जे ४३ए कलम होतं ते हा कायदा काढून टाकतो. युरोपात निदान एवढं आहे की फक्त मशीनने घेतलेल्या मोठ्या निर्णयावर हरकत घेऊन माणसाने तो परत बघावा असं म्हणता येतं. आपल्या कायद्यात तसं कलमच नाही. म्हणजे सिन्नरच्या त्या पोराने अर्ध्या दिवसासाठी कुठे जायचं तर परत त्याच गेटवर.

आणि कंपन्या कुठपर्यंत हात झटकू शकतात बघा. कॅनडात एका माणसाची आजी वारली, त्याने एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटला विचारलं, बॉटने सांगितलं आता तिकीट काढा, घरातलं कोणी वारल्यावर मिळणाऱ्या सवलतीसाठी नंतर अर्ज करा. नंतर कंपनी म्हणाली असं होत नाही. प्रकरण तिथल्या ट्रिब्युनलकडे गेलं तेव्हा एअरलाइनचं म्हणणं काय, तर चॅटबॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही, जणू काही तो बॉट म्हणजे वेगळी व्यक्तीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्रिब्युनलने ते उडवून लावलं आणि पैसे द्यायला लावले. नाशिकमधल्या ज्या हॉटेलवाल्यांनी, क्लासवाल्यांनी हौसेने बॉट लावलेत त्यांनी हे वाचून ठेवा. बॉटने सीट आहे म्हणून सांगितलं म्हणजे ते तुम्हीच सांगितलं.

दोन टक्क्यांचं झालं. आता ते ९८ कुठून आले हे पण सांगितलं पाहिजे, कारण त्यावर तर कोणी बोलतच नाही.

आमचा कॅमेरा आला तेव्हा त्याला काहीच येत नव्हतं. त्याला शिकवायला हजारो फोटो लागतात आणि प्रत्येक फोटोत दोष जिथे असेल तिथे माउसने चौकोन काढावा लागतो. व्हेंडरची दोन पोरं बसली चौकोन काढायला. त्यांना ब्लो होल आणि कूलंटचा, म्हणजे मशीनिंगच्या वेळी थंड ठेवायला सोडतात त्या पाण्याचा, डाग यातला फरकच कळेना, मग लाइनवरच्या सगळ्यात जुन्या इन्स्पेक्टर बाईंना बोलावलं, आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. मावशी खुर्ची ओढून बसल्या, चष्मा पुसला आणि सुरू.

"अहो दादा, हे होल नाही, डाग आहे, पुसला की जाईल. हे बघा होल, कडेला कशी सावली पडते. आणि हे तर काहीच नाही, टूलची खूण आहे, ती असायलाच पाहिजे."

"मावशी, इतकं बारीक कसं दिसतं तुम्हाला?"

"दिसत नाही हो, बोटाला लागतं. पण तुमच्या मशीनला बोट नाही ना, म्हणून सावलीवरनं सांगते."

दिवसच्या दिवस त्या बसल्या. पोरं चांगली होती, त्यांच्यासाठी समोसे आणायची. कॅमेरा शिकला. आणि मग लाइनवर एवढ्या बायका कशाला म्हणून काहींना पॅकिंगला टाकलं, ज्या ठेकेदाराकडून होत्या त्यातल्या काहींना ठेकेदाराने सांगितलं की सध्या काम नाही, फोन करतो. मी ते कोटेशन परत काढून बघितलं होतं. कॅमेरा, लेन्स, लाइट, सॉफ्टवेअर लायसन्स, इन्स्टॉलेशन, आणि ट्रेनिंगची एक वेगळी ओळ, जी त्या पोरांनी आमच्या ऑपरेटरला बटणं कुठली दाबायची हे दाखवण्याची होती. मावशींनी जे शिकवलं त्याची ओळ नव्हती. व्हेंडरने ते मॉडेल पुढे अजून कोणाला विकलं असेल तर मावशींची नजर आता दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीत पण काम करत असणार, आणि मावशी त्याच ग्रेडला.

त्यांना काढलं मात्र नाही, कारण कॅमेरा पावसाळ्यात कूलंटच्या डागाला अजून फसतो. रिजेक्टचा बिन त्या परत तपासतात आणि त्यातले चांगले पार्ट वाचवतात. या कामाची वेगळी पोस्ट करा आणि पगार त्याप्रमाणे द्या असं मी लिहून दिलंय. एचआर म्हणतं बजेटमध्ये बघू. बघू या.

अॅमेझॉनची ती प्रसिद्ध गोष्ट याच जातीची, फक्त उलट्या बाजूने. नोकरीचे अर्ज चाळायला त्यांनी एक मॉडेल बनवायला घेतलं होतं आणि आधीच्या दहा वर्षांच्या अर्जांवर शिकवलं, त्यात पुरुषच जास्त, तर ते बायकांच्या अर्जांचे मार्क कमी करायला लागलं. ते बंद केल्याची बातमी २०१८ मध्ये आली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पण त्यांना निदान ते सापडलं, कारण त्यांनी तपासलं. आपल्याकडे बायोडेटा चाळणारं सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्याने घेतात आणि रिजेक्ट झालेल्या ढिगात कधी कोणी हात घालून बघत नाही. तिथे एक मावशी बसवा की.

शेवटचं कुंभाचं, कारण नाशकात राहून हा विषय त्याच्याशिवाय होऊच शकत नाही. ऑक्टोबर २०२६ मध्ये ध्वजारोहण, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमृतस्नानं, आणि गर्दी सांभाळायला एआय कॅमेरे लागणार हे तर आता सगळेच बोलतायत. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. २००३ च्या कुंभात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली, हे शहर ते विसरलेलं नाही. पण प्रयागराजला २०२५ च्या महाकुंभात एआय कॅमेरे होतेच की, तरी मौनी अमावस्येच्या पहाटे सरकारी आकड्याप्रमाणे ३० जण गेले. कॅमेऱ्याला गर्दी दिसली म्हणजे रस्ता मोकळा होत नाही.

आणि गर्दी मोजायला चेहरा लागतो कुठे? २०१५ च्या कुंभाच्या वेळी कुंभथॉन म्हणून एक उपक्रम झाला होता, एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर, मूळचे नाशिकचेच, ते त्याच्या मागे होते. त्यात इथल्याच पोरांच्या एका टीमने जमिनीवर टाकायची चटई केली होती, वरून किती पावलं गेली ते मोजणारी, आणि ती कुंभात वापरून पण बघितली. पाऊल कोणाचं हे त्या चटईला माहीतच नाही, साधूचं, खिसेकापूचं का आमदाराचं. गर्दी कुठे तुंबतेय एवढं कळायला तेवढं पुरतं.

चेहरा ओळखणारा कॅमेरा म्हणजे वेगळं प्रकरण. हरवलेली म्हातारी माणसं, पोरं शोधायला त्याचा उपयोग आहे, नाही म्हणत नाही. पण साधा हिशोब करा. समजा गुन्हेगारांची यादी टाकून कॅमेरा प्रत्येक येणाऱ्याशी जुळवून बघतोय आणि समजा तो हजारात एकदाच चुकतो. दहा लाख लोक त्या रस्त्याने गेले तर एक हजार निरपराध माणसं बाजूला घेतली जाणार. बिहारहून आलेला, मराठी न येणारा, फोनची बॅटरी संपलेला, सोबतची माणसं पुढे गेलेली, असा कोणीतरी. इथे तर ती म्हण शब्दशः खरी व्हायची, खराखुरा संन्यासीच सापडायचा. आणि कुंभ संपल्यावर ते कॅमेरे खांबावरून उतरवतील असं कोणाला वाटत असेल तर त्याला माझा नमस्कार. डेटा कायद्यात सरकारला आपल्याच यंत्रणांना सूट द्यायची सोय आहे, ती सूट मिळाली की तुमचा चेहरा किती दिवस ठेवला हे विचारायची सोय पण गेली.

माझा चुलतभाऊ पंचवटीत राहतो, माझ्याहून मोठा, २००३ ला तिथेच होता. त्याला हे सगळं ऐकवलं तर म्हणाला, "तू पार्ट तपासतो, मी गर्दी बघितलीय. चेहरे घे नाहीतर अंगठे घे, आधी गल्ली रुंद कर आणि तिथे उभा राहणाऱ्या हवालदाराला रस्ता बंद करायचा अधिकार दे." मी म्हणालो दादा, ते तर पाहिजेच, पण कॅमेऱ्याचं काय? तर म्हणे, लाव. एक माणूस वाचला तरी लाव. यावरनं आमचं जेवण होईपर्यंत चाललं होतं, वहिनींनी विषय बदलला म्हणून थांबलं.

तर लावायचेच असतील तर ते विकत घेताना कागदावर काय लिहिलंय ते मला बघायचंय. चेहरे किती दिवसांनी पुसणार. चुकून धरलेल्या यात्रेकरूला किती वेळात सोडणार आणि त्याची शाही पर्वणी बुडाली तर त्याचं काय. पट्टी कोण सरकवणार, त्याचं पदनाम काय. आणि रोज सकाळी रेड रॅबिट आणि त्याच्या बरोबरचा चांगला पार्ट कोण चालवणार, म्हणजे यादीत नसलेली दहा-वीस साधी माणसं, धूळ-भस्म लावलेली, घुंगट घेतलेली, कॅमेऱ्यासमोरून नेऊन तो गप्प राहतो का ते बघणार का. राज्य सरकारची बरीच टेंडरं महाटेंडरच्या साइटवर बघायला मिळतात. इंग्रजी भयंकर असतं त्यांचं, पण एका रविवारी बसून वाचायचा विचार आहे, कोणी वकील मित्र सोबत बसायला तयार असेल तर मिसळ माझ्याकडून.